उलंगवाडीचा प्रकल्प: खुणांच्या भाषेच्या वर्गाची वर्षअखेर

पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाचा, शेवटचा वेचा झाला की आमच्याकडे उलंगवाडी होते. वावर मोकळं होतं, गुरं आत सोडतात, आणि वर्षभरात काय हाती लागलं ते घरी बसून मोजतात. माझ्या खुणांच्या भाषेच्या वर्गाचीही अशीच उलंगवाडी असते, एप्रिलच्या पहिल्या नाहीतर दुसऱ्या रविवारी. त्याच्या पुढे ढकललं की उन्हापायी माणूस घराबाहेर निघत नाही.

वर्ग दर रविवारी सकाळी साडेसात ते साडेनऊ, जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात. गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातलं. यंदा १४ जण आहेत: आठवी-नववीची ७ पोट्टे-पोट्टी, बधिर लेकरांच्या २ आया, एक अंगणवाडी सेविका, एक एसटी कंडक्टर, एक मेडिकलवाला आणि डी.एड. करून घरी बसलेल्या २ मुली. शिकवतो माझा दादा. दोन वर्षांचा असताना तापात त्याचे कान गेले. निवासी शाळेत सातवीपर्यंत शिकला, आता बाजारओळीत शिवणकाम करतो. मी मध्ये बसून त्याचं बोलणं ऐकणाऱ्यांना सांगते. लोक मला मॅडम म्हणतात आणि त्याला माझा मदतनीस समजतात. उलटं आहे.

इथे मी कोणाचं नाव लिहिणार नाही, खुणेचं नाव सांगेन. बधिर माणसं ओळखीच्या प्रत्येकाला एक खूण देतात, तेच त्याचं नाव. दादाची खूण म्हणजे दोन्ही मुठी गळ्यापासून छातीवर खाली, लोंबता टेप. माझी, नाकपुडीवर एक बोट, खड्यासाठी. कंडक्टरची, तळहातावर अंगठा टकटक, तिकिटाचं मशीन. नववीतल्या एकीची खूण गालातली खळी आहे. तिला ती अजिबात आवडत नाही, पण खुणेचं नाव मागून मिळत नाही आणि बदलूनही मिळत नाही.

पहिल्या वर्षी मी लेखी परीक्षा घेतली. ‘पाणी ही खूण करताना हात कुठे असतो ते लिहा’ असले प्रश्न काढले. एका मुलीला ५० पैकी ४६ मिळाले. त्याच संध्याकाळी तिच्या शेजारची बधिर बाई दारात आली, तर हिला तिला ‘जेवलीस का’ एवढंही विचारता आलं नाही. पाठ केलेलं सगळं होतं, हात उठेना. ती पेपरं मी चुलीत घातली आणि पुढच्या वर्षापासून प्रकल्प सुरू केले. आता पाच वर्षं झाली. काय जमलं, काय फसलं ते लिहिते. तुम्ही तालुक्याच्या शाळेत शिकवत असाल, नाहीतर घरच्या ओसरीत चार जणांना, तुमच्या कामी येईल.

आधी परीक्षक शोधा

प्रकल्प कोणताही घ्या, पण तो बघून ‘समजलं’ किंवा ‘नाही समजलं’ म्हणणारा माणूस बधिर असला पाहिजे, आणि तो प्रकल्पाचा विषय ठरण्याआधी मिळाला पाहिजे. आम्ही ऐकणारे एकमेकांच्या खुणा बघतो तेव्हा मनात मराठी शब्द चालू असतो, तोंडही हलत असतं, त्यामुळे चुकलेली खूणही बरोबर वाटते.

आमचे परीक्षक तीन: दादा, सात कोसांवरचा एक सुतार, आणि निवासी शाळेतून दहावी करून माहेरी आलेली एक मुलगी. तिघांची खूण करण्याची तऱ्हा वेगळी, म्हणून तिघं. तुमच्या ओळखीत कोणी नसेल तर आशा ताईला विचारा, अंगणवाडीत विचारा. दिव्यांगांच्या युडीआयडी कार्डाची तपासणी तालुक्याला असते, त्या दिवशी तिथे जाऊन बसा. चार बधिर माणसं तिथेच भेटतात, आणि ती एकमेकांशी बोलताना बघायला मिळतात ते वेगळंच.

त्यांना येण्याजाण्याचे पैसे द्या. एसटीत दिव्यांगांना सवलत असते, पण फाट्यापासून आत आणणारा ऑटोवाला सवलत देत नाही. दिवसाची मजुरी बुडते तीही द्या. आम्ही वर्गाच्या फीमधून दर महिन्याला थोडं बाजूला ठेवतो. ‘त्यांना बरं वाटेल’ म्हणून फुकट बोलावणं मला पटत नाही.

गाणं नको

हे आधी सांगते, कारण वर्षअखेर म्हटलं की सगळ्यांना पहिलं हेच सुचतं. माझीही चूक झाली आहे. एका संस्थेने २६ जानेवारीला पोरांकडून देशभक्तीचं गाणं खुणांनी करून मागितलं. महिनाभर बसवलं, एकसारखे कुर्ते शिवले (दादानेच शिवले), ठेक्यावर सगळ्यांचे हात एकदम वर, एकदम खाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, एका काकाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. दादाला आयोजकांनी मागच्या ओळीत खांबाआड बसवलं होतं. कार्यक्रम झाल्यावर मी त्याला विचारलं, कसं वाटलं? त्याने विचारलं, ‘कशाबद्दल होतं?’

त्याचं म्हणणं असं. शब्दांचा क्रम मराठीचा होता, आमचा नव्हता. शहीद झालेल्यांच्या ओळीलाही सगळे हसत होते, कारण मॅडमने हसायला सांगितलं होतं. आणि ठेका पकडायचा म्हणून खुणा अर्ध्यात कापल्या होत्या. मीच सांगितलं होतं हसायला.

भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. काळ आधी येतो. ‘कुठे, काय, का’ हा प्रश्न वाक्याच्या शेवटी. नकारही शेवटी. ‘तू कुठे जातोस?’ हे हाताने ‘तू जाणे कुठे’ असं होतं. ‘मी काल बाजारात गेलो होतो’ हे ‘काल, मी, बाजार, जाणे, झालं’ अशा वळणाने. हो-नाहीचा प्रश्न असेल तर भुवया वर जातात, डोके थोडं पुढे येतं. चेहरा हलला नाही तर तो प्रश्नच होत नाही, साधं विधान राहतं. गाण्याच्या ठेक्यात यातलं काहीच टिकत नाही. तरी कोणी गाण्याचा हट्ट धरलाच, तर माझी एक अट असते: सरावात स्पीकर बंद ठेवायचा आणि परीक्षकाला दाखवायचं. त्याला अर्थ लागला तर करा. आजवर कोणी अट मान्य केली नाही.

शेताचा खुणाकोश

नवख्यांना हा प्रकल्प द्या. दिल्लीला भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे, २०१५ साली स्थापन झालेलं. त्यांनी काढलेल्या कोशात २०१८ साली ३,००० शब्द होते, २०१९ साली ६,००० आणि २०२१ साली १०,००० झाले. शेतीचे शब्दही त्यात आहेत. फोनवर बघता येतो, पैसे लागत नाहीत. पण डवरा (कोळपं), वखर, तिफण, निंदण, बंडी (बैलगाडी), धुरा (बांध), वेचा, पांदण हे आमच्या तोंडचे शब्द घेऊन बसलं की खरं काम सुरू होतं.

जोडी-जोडीने २० शब्द घ्यायचे. दोन वर्षांपूर्वी मी ६० दिले होते. साठातली दहाही कामाची निघाली नाहीत. प्रत्येक शब्द आधी कोशात शोधायचा. सापडला तर ती खूण शिकायची. मग तोच शब्द गावाकडच्या निदान दोन बधिर माणसांकडून बघायचा. विचारायची पद्धत महत्त्वाची आहे. ‘डवऱ्याची खूण काय?’ असं बोटांनी अक्षरं काढून विचारू नका. आपली बोटांची अक्षरं इंग्रजीची, दोन्ही हातांनी काढायची; जी माणसं शाळेत गेलीच नाहीत त्यांना ती कळत नाहीत. डवऱ्याजवळ घेऊन जा. बोट दाखवा आणि भुवयांनी विचारा.

स्वतः खूण बनवायची नाही, हे तीनदा सांगा. पोट्ट्यांना त्यात भलताच उत्साह असतो. मेडिकलवाल्याने एकदा ‘फवारणी’ची अशी झकास खूण बनवली की वर्ग आठवडाभर तीच करत होता. दादाने बघितलं आणि आपली दाखवली: एक हात पाठीवरच्या पंपाचा दांडा हापसतो, दुसऱ्या हातात नळी, आणि नाकतोंड आकसलेलं, विषाच्या वासाने. मेडिकलवाल्याच्या खुणेत वासच नव्हता.

एका शब्दाला एक कार्ड. त्यावर खूण कोणत्या गावची, किती वयाच्या माणसाची, हाताचा आकार, हात कुठे, हालचाल कशी, तळवा कुणीकडे आणि चेहरा कसा, एवढं लिहायचं. सोबत पाच-सात सेकंदांचा व्हिडिओ, एकदा समोरून, एकदा बाजूने. दोन माणसांच्या खुणा वेगळ्या निघाल्या तर दोन्ही ठेवायच्या. बरोबर कोणती हे ठरवणं आपलं काम नाही.

माझ्या आवडीची खूण एका सत्तरीच्या आजीची आहे. ती कधी शाळेत गेली नाही, तिची खुणांची भाषा घरातली, मायने आणि भावांनी मिळून जमवलेली. खळीने तिला पऱ्हाटीच्या रिकाम्या वावरात नेलं आणि विचारलं. आजीने बोटांनी बोंडं वेचली, वेचली, वेचली, मग दोन्ही हात उघडे करून दाखवले, आणि शेवटी मनगट झटकून गुरं आत हाकलली. उलंगवाडी. दादाची खूण याहून छोटी आहे. कार्डावर दोन्ही आहेत.

आजीला व्हिडिओ काढू का विचारताना आधी तिच्याच फोटोवरून समजावलं: हे असं फोनमध्ये राहील, वर्गातले बघतील. सुनेने ‘हो’ म्हटलं म्हणून चालत नाही. ज्याची खूण त्याचा होकार.

बिनआवाजाची चहाची टपरी

यात मजा सगळ्यात जास्त आणि फजितीही. बाजाराच्या दिवशी, सकाळी आठ ते दहा, वर्गाने चहाचं दुकान मांडायचं. दुकानात काम करणाऱ्या कोणीही तोंड उघडायचं नाही. पाटी लावायची: ‘येथे बोलणं बंद. हाताने सांगा.’ खाली सहा चित्रं: चहा, कट, फुल, बिनसाखरेचा, बिस्किट, पाणी. गिऱ्हाइकाला एवढं पुरतं.

सामान: स्टोव्ह, दोन पातेली, चार लिटर दूध, कागदी कप, सुट्टे पैसे, एक पांढरी पाटी आणि खडू. सुट्टे पैसे विसरू नका. पहिल्या साली ५०० ची नोट आली आणि ‘सुट्टे नाहीत, नंतर द्या’ हे समजावता समजावता चहा उतू गेला. आकडे आधी पक्के करून घ्या, निदान शंभरापर्यंत. आमचा कंडक्टर यात सगळ्यांच्या पुढे होता. वीस वर्षं गर्दीत बोटांनी भाडं सांगतो आहे, त्याला काय अवघड!

आता यातलं शिकण्याचं. तिघं परीक्षक गिऱ्हाईक म्हणून येतात आणि पाठ केलेल्यापलीकडचं काहीतरी विचारतात. दादाने एकदा विचारलं, ‘काल दूध फाटलं होतं म्हणे?’ सुताराने उधारी मागितली. माहेरी आलेल्या मुलीने कपातली माशी दाखवली. अशा वेळी पोट्टं गोठून जातं, नाहीतर कळल्यासारखी मान डोलावतं. मान डोलावली की त्याचे पाच गुण गेले. ‘पुन्हा सांगा’, ‘हळू’, ‘म्हणजे काय?’ या तीन खुणा ज्याला वेळेवर आठवल्या त्याला पूर्ण गुण, चहा कसाही का असेना. बधिर माणसांशी बोलताना मान डोलावून वेळ मारून नेण्याची सवय आपल्या सगळ्यांना असते आणि त्यांना ती लगेच दिसते. दादा म्हणतो, कोण खरं समजलं आणि कोण खोटं, हे त्याला खांद्यांवरून कळतं.

ऐकणारे गिऱ्हाईक थट्टा करतात, ते धरून चाला. ‘मुक्यायची टपरी हाय का वो?’ असं एकाने मोठ्याने विचारलं. दुकानातला कोणी बोलू शकत नव्हता आणि पोरं लालीलाल झाली. दहा मिनिटांनी तोच माणूस ‘कमी साखर’ कशी सांगायची ते शिकून गेला. पण सगळेच असे नसतात, म्हणून एक मोठं माणूस पाटीजवळ उभं करा, ज्याला बोलायची मुभा आहे.

वाघाची गोष्ट

दोन वर्षं शिकलेल्यांसाठी. दोन मिनिटांची गोष्ट सांगायची, बोटांनी एकही अक्षर काढायचं नाही, ओठ हलवायचे नाहीत. विषय वाघ. आमच्या तालुक्यात वाघाची गोष्ट नाही असं घर नाही. २०१८ साली टी-१ वाघीण, जिला लोक अवनी म्हणतात, तिच्यामुळे कितीतरी महिने वावरात जायची भीती होती. २ नोव्हेंबरच्या रात्री तिला गोळी घातली. प्रत्येकाचा काका, मामा, सालदार कोणीतरी वाघाला भेटून आलेला आहे, निदान तसं सांगतो तरी.

गोष्ट मराठीत लिहून मग खुणांत करायची नाही, कारण लिहिली की मराठीचा क्रम हातात उतरतो. सहा चित्रं काढायची. नाला, मचाण, धुरा, माणूस, वाघ, बंडी, कोण कुठे आहे ते कागदावर मांडायचं, आणि तीच मांडणी समोरच्या हवेत. नाला डावीकडे ठेवला तर शेवटपर्यंत डावीकडेच. खळीचा वाघ पहिल्या सरावात नाल्यातून निघाला आणि मचाणामागून आला. सुताराने विचारलं, ‘वाघ दोन होते?’

माणूस चालतो ते उभ्या बोटाने दाखवता येतं, वाघाचं चालणं दोन्ही पंजे एकामागे एक टाकून, खांदे हलवत. माणूस बोलताना आपण माणूस व्हायचं, वाघ बघतो तेव्हा मान आणि खांदे वळवून वाघ व्हायचं. नजर कुठे आहे यावर सगळं आहे. मचाणावरचा माणूस खाली बघतो, खालचा वाघ वर. नजर समोरच्या मॅडमकडे गेली की गोष्ट मोडते. घरी आरशासमोर नाही, भिंतीवर तीन खडूचे ठिपके काढून सराव करा. आरशात पोट्टं स्वतःलाच बघत बसतं.

दवंडी

वाघिणीच्याच दिवसांतली गोष्ट. संध्याकाळी गावात भोंग्यावरून सांगितलं की उद्या पूर्वेकडच्या वावरात कोणी जाऊ नये. दादाला ते कोण सांगणार? मी त्या रात्री नागपूरला होते. सकाळी तो एकटा आमच्या वावरात जाऊन, बैलाला पाणी दाखवून, धुऱ्यावरच्या बाभळीखाली डबा खाऊन परत आला. गाव त्याच्याकडे बघत राहिलं आणि का बघतात ते त्याला दुपारपर्यंत कळलं नाही. काही झालं नाही. पण मला आजही त्या बाभळीखाली बसवत नाही.

म्हणून दवंडी. ग्रामपंचायत भोंग्यावरून जे सांगते ते त्याच दिवशी खुणांमध्ये, ४० सेकंदांच्या आत, परिसरातल्या बधिर माणसांच्या व्हॉट्सॲप गटावर. मोठे फोन बहुतेकांकडे आहेत. नसतील तर घरातल्या पोराकडे असतात. प्रकल्पाच्या काळात, म्हणजे फेब्रुवारी-मार्चचे सहा आठवडे, तिघांच्या गटाने ही जबाबदारी घ्यायची. एक ग्रामपंचायतीतून मजकूर आणतो, एक खुणा करतो, एक फोन धरतो. पाठवण्याआधी दादाला दाखवायचं, तो दुकानात असतोच.

मजकूर असा आला समजा: ‘सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की उद्या सकाळी सात वाजता नळाला पाणी येणार नाही, तरी टँकर मारुतीच्या देवळाजवळ उभा राहील.’ यातलं पहिलं ‘कळविण्यात येते की’पर्यंतचं सगळं टाकून द्या. मग: उद्या, सकाळ, सात वाजता. नळ, पाणी, नाही. मग मारुतीचं देऊळ, त्याला हवेत एक जागा. टँकर त्या जागेजवळ येऊन थांबतो. शेवटी ‘भांडी घेऊन या’. नकाराच्या वेळी मान हलली पाहिजे आणि चेहऱ्यावरही तो दिसला पाहिजे, नाहीतर लोक नळापाशी उभे राहतात. एकदा राहिले होते.

अंगणवाडी सेविकेने लसीकरणाची दवंडी केली तेव्हा तारीख आणि वार दोन्ही सांगितले, वार चुकला. पाच आया दुसऱ्या दिवशी आल्या. तेव्हापासून तारखेचा आकडा खडूने पाटीवर लिहून व्हिडिओत मागे ठेवतो. एकच जागा, एकच तारीख.

सहा आठवड्यांनी प्रकल्प संपतो, दवंडी बंद होते, आणि मग लोक विचारतात की बंद का केली. या वर्षी डी.एड.च्या दोघींनी ती पुढे चालू ठेवली आहे. बघू किती दिवस.

फोन धरायचा कसा

फोन आडवा. डोक्याच्या वर चार बोटं जागा आणि खाली कंबर दिसली पाहिजे. कोपरे फाकल्यावर हात चौकटीबाहेर जाऊ नयेत. सावळ्या हातांना गडद शर्ट नको, हात ज्या रंगावर उठून दिसेल तो घाला. चौकडे, फुलं, झगमग नको. बांगड्या काढा, हातावरची मेंदी उतरेपर्यंत थांबा. मागे खिडकी असेल तर चेहरा काळा पडतो. आवाज बंद करूनच पाठवा, नाहीतर ऐकणारे तो ऐकून बघतात आणि हात बघतच नाहीत.

गुण

कागदावरचे तक्ते मी करून बघितले आणि सोडून दिले. आता प्रत्येक परीक्षकासमोर दोन वाट्या आणि मूठभर तुरी. प्रकल्प बघून झाला की समजलेल्या प्रत्येक गोष्टीला एक दाणा उजव्या वाटीत, अडलेल्या प्रत्येक जागेला एक डाव्या वाटीत. मग परीक्षक जे समजलं ते उलट सांगतो आणि विद्यार्थ्याने ते बघायचं. ही उलट सांगण्याची पाच मिनिटं सगळ्यात किमतीची आहेत, ती घाईत उरकू नका. आपण वाघ सांगितला आणि समोरच्याने म्हैस सांगितली की दुसऱ्या कोणी चूक दाखवायची गरज राहत नाही.

५० गुण उजव्या वाटीचे. २० चेहऱ्याचे. २० ‘पुन्हा सांगा’ वेळेवर म्हटल्याचे. १० नोंदी नीट ठेवल्याचे. नापास कोणी होत नाही, पण डावी वाटी भरली तर पुढच्या रविवारी पुन्हा करायचं. कंडक्टरने ड्युटी बदलून तीनदा केलं.

दाखवण्याचा दिवस

संध्याकाळी ठेवू नका. आमच्याकडे लाइन कधी जाईल सांगता येत नाही, आणि अंधार झाला की बधिर माणसाचं ऐकणं आणि बोलणं दोन्ही बंद. शिवाय मुक्कामाच्या गाडीखेरीज गाडी नसते. सकाळी साडेसात ते दहा.

झाडाखालीही नको. दुसऱ्या वर्षी शाळेच्या मोठ्या लिंबाखाली केलं, छान गार होतं, पण पानांमधून कवडसे हातांवर नाचत होते आणि अर्ध्या खुणा त्यात हरवल्या. पुढच्या वर्षी मोकळ्यावर, सूर्याकडे तोंड करून उभं केलं, तर सगळ्यांचे डोळे बारीक, कपाळाला आठ्या. दादाने विचारलं, ‘ही सगळी एवढी चिडलीत कशाला?’ आता उत्तरेच्या व्हरांड्यात करतो. बाकं अर्धगोलात, म्हणजे बघणाऱ्यांनाही एकमेकांचे हात दिसतात. पहिल्या ओळीत बधिर माणसं आणि त्यांच्या घरचे. सरपंच दुसऱ्या ओळीत. आमचे सरपंच समजूतदार आहेत. त्यांच्या भाषणाला पाच मिनिटं, आणि ते मी हातांनी सांगते, त्यामुळे तेही आपोआप आखूड बोलतात.

टाळ्या वाजवायच्या नाहीत. दोन्ही हात वर करून पंजे हलवायचे. पहिल्यांदा आलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसतात, मग शेवटी त्यांचेच हात सगळ्यात वर असतात.

जेवण साधं, झुणका-भाकर, कांदा, कैरीचं पन्हं. जेवण आणि गप्पा एकाच वेळी ठेवू नका. हातात भाकर असली की बोलता येत नाही, आणि जी माणसं वर्षातून एकदा भेटतात त्यांना थांबवणार कोण? मागच्या वर्षी सुताराच्या गोष्टीत पन्ह्याचा पेला दोनदा उडाला. आधी तासभर गप्पा, मग पंगत.

तुरीचे दाणे मोजून झाले की आमची माय ते भिजत घालते. संध्याकाळी त्याच्या घुगऱ्या होतात आणि डाव्या वाटीतले कोणते, उजव्या वाटीतले कोणते, हे मग कोणाला सांगता येत नाही.